भिंत खरवडली तेव्हा : काळी, पांढरी आणि चुना



सोयाबीनची मळणी उरकली. कापसाची पहिली वेचणी चालू आहे आणि मजूर मिळत नाही, ते दरवर्षीचंच. अशा मधल्या दिवसांत मी यंदा घराची पश्चिमेची भिंत खरवडायला घेतली. घर आजोबांच्या वेळचं. दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीची दीड हात जाडीची भिंत. रंगाचे पापुद्रे सुटले होते म्हणून पत्रा घेऊन बसलो, तर काम सोडून बघतच राहिलो. कृषी विद्यापीठाची मंडळी माती तपासायला खड्डा घेतात आणि कडेचे थर दाखवतात, तसं झालं. वर प्लास्टिकचा रंग, त्याखाली गुलाबी सिमेंट रंग, त्याखाली निळसर चुना, मग चुन्यावर चुना. चुन्याचे थर मोजायला लागलो, विसाच्या पुढं गेल्यावर सोडून दिलं. खाली गेरूचा एक पट्टा. सगळ्यात आत शेण, भुसकट आणि माती. त्या मातीत एका ठिकाणी गव्हाची अख्खी काडी सापडली, पिवळी, मोडली तर कडकन वाजली. कोणत्या वर्षीच्या गव्हाची असेल कोण जाणे.

शेताच्या नोंदी आपण नेहमी लिहितो. आज भिंतीची लिहितो. ही भिंत शेतातूनच आलेली आहे, त्यामुळं फार लांब जात नाही.

सुरुवात मातीपासूनच. आपल्या जिल्ह्यात काळी माती चिक्कार, मग भिंती पांढऱ्या मातीच्या का? जुन्या मराठी कागदांत गावाचे दोन भाग केलेले असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पुढं ‘पांढरी’ म्हणजे गावकरीच असा अर्थ झाला. आपल्याला हे शब्द इतके सवयीचे आहेत की त्यात मातीचं शास्त्र आहे हे ध्यानात येत नाही. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, कुठं कुठं त्यात हात कोपरापर्यंत जातो. ही फुगणारी चिकणमाती कापसाला ओल धरून ठेवते म्हणून आपण जगतो, पण तिची भिंत घातली तर पहिल्या उन्हाळ्यात तडकेल आणि पहिल्या पावसात चिखल होईल. पाया काळीत ठेवला तरी तेच. म्हणून आपल्याकडचे गवंडी अजूनही म्हणतात, मुरूम लागेपर्यंत खोदा. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं तर काळ्या मातीसाठी खाली फुगीर बुंधा असलेले खांब काढले, म्हणजे माती हलली तरी घर हलू नये.

पांढरी माती वेगळी. ती काही डोंगरातून येत नाही. शेकडो वर्षं माणसं एका जागी राहिली, भिंती पडल्या, त्यावर परत भिंती उठल्या. चुलीची राख, शेण, हाडं, खापरं, चुना असं सगळं मिसळून ती तयार झालेली असते. ती फारशी फुगत नाही. आपल्या गावांच्या गढ्या आणि टेकाडं म्हणजे हीच माती. पुराणवस्तूवाले अशा जागांना पांढरीची टेकाडंच म्हणतात. पैठण, तेर, भोकरदन इथं खोदकामं झाली आणि सातवाहनांच्या वेळची वस्ती सापडली, ती अशाच टेकाडांतून. गावागावांतली टेकाडं मात्र खोदली आपणच. थोडी माती घराच्या भिंतीला आणि माळवदाला नेली, उरलेली गाड्या भरभरून शेतात खत म्हणून टाकली. राख आणि हाडं असल्यामुळं तिच्यात स्फुरद भरपूर, पीक चांगलं यायचं. म्हणजे पूर्वजांची घरं आपण ज्वारीला घातली. यात कुणाला दोष द्यायचा? त्या काळात डीएपीची गोणी नव्हती.

माझ्या आजोबांची भिंतसुद्धा गढीच्या मातीची. तिच्यात खापराचे तुकडे अजून दिसतात. म्हणजे आत्ता मी जी खरवडतोय ती भिंत, तिच्या आधीची भिंत, आणि तिच्याही आधीची. तीच माती परत परत उभी केलेली.

श्रीमंतांचं वेगळं होतं. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची मंदिरं बघा, किंवा गंगाखेड तालुक्यात धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर बघा. घडवलेला काळा दगड, एकावर एक बसवलेला, सांध्यात चुनासुद्धा नाही. त्या भिंतीला रंग लागत नाही. पाऊस पडतो आणि वाहून जातो. (मराठवाड्यात कितीतरी हेमाडपंती देवळांना नंतर भक्तीपोटी चुना आणि ऑइलपेंट फासला गेला आणि कोरीव काम बुजलं. ज्याला नको होता त्याला रंग दिला.) दगडाच्या भिंतीची गरज आणि मातीच्या भिंतीची गरज एक नाही, एवढीच गोष्ट त्यातून घ्यायची. मातीच्या भिंतीला कातडं लागतं, आणि ते कातडं दरवर्षी झिजायला हवं. झिजतं म्हणून आतली भिंत वाचते. हे मला फार उशिरा कळलं, ते पुढं सांगतो.

ते कातडं कसं चढवायचे ते माझ्या लहानपणापर्यंत मी डोळ्यांनी पाहिलंय. पांढरी माती चाळून खड्ड्यात घालायची, गव्हाचं भुसकट टाकायचं, शेण टाकायचं, पाणी सोडून आठ-दहा दिवस सडवायचं. रोज तुडवायचं. वास यायला लागला की माती तयार. भुसकट मातीला भेगा पडू देत नाही, शेणातला बारीक तंतू तेच काम आणखी बारीक पातळीवर करतो, आणि सडल्यामुळं मातीला चिकटपणा येतो. मग आधी भिंतीवरचं सुटलेलं झाडून काढायचं, पाणी शिंपडायचं आणि हातानं लिंपायचं. कोरड्या भिंतीवर ओला गिलावा धरत नाही. भिंत त्यातलं पाणी ओढून घेते आणि गिलावा पोपडा होऊन पडतो. आजी म्हणायची, भिंतीला आधी पाणी पाज, मग जेवू घाल.

हे सगळं काम बायकांचं. भिंत उभी करायची गवंड्यानं, सुताराने तुळया टाकायच्या, त्यांना बलुतं किंवा मजुरी. पण ती भिंत पुढची पन्नास वर्षं टिकवायची ती घरच्या बाईनं, आणि त्याचा कुठंच हिशेब नाही. जनाबाई आपल्या गंगाखेडची. तिच्या अभंगांत देव येऊन दळतो, झाडतो, शेण गोळा करतो. देवालाच हे काम करायला लावण्यामागं त्या कामाचा केवढा डोंगर असेल, याचा विचार मी सारवणाचं पोतेरं स्वतः हातात घेतल्यावर केला. दोन दिवसांत कंबर धरली.

वेळ ठरलेली असायची. मृगाच्या आधी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर, पन्हाळ साफ. आणि पाऊस ओसरला की नवरात्राच्या तोंडावर ‘दसरा काढायचा’. गोधड्या नदीला, भांडी अंगणात, आणि भिंतींना चुना. ही वेळ मला पूर्वी निव्वळ सणाची वाटायची. पण चुना लावून पाहिला तेव्हा कळलं की चुन्याला हीच वेळ लागते.

आता चुन्याचं बोलू, कारण भिंतीवर सगळ्यात जास्त थर त्याचेच निघाले.

आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे असतात ते तुम्हाला सांगायला नको. ज्या तुकड्यात ते जास्त, तिथं सोयाबीन पिवळं पडतं, मोसंबीची पानं पिवळी पडतात, कारण चुन्यामुळं झाडाला लोह उचलता येत नाही. कृषी सहायक दरवर्षी फेरस सल्फेट फवारायला सांगतात. तेच खडे पूर्वी वेचून भट्टीत भाजायचे. साधारण ९०० अंशांच्या आसपास चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि राहतो तो कळीचा चुना. त्यावर पाणी पडलं की तो उकळतो, वाफ काढतो आणि विरतो. रानातल्या खड्यांच्या चुन्यात मातीचा अंश असतो, त्यामुळं तो मळकट निघायचा पण ओल्यातही घट्ट व्हायचा. तो बांधकामाला, विहिरीला, हौदाला. गोल चरात बैलांनी दगडी चाक फिरवून तो वाळूबरोबर दळायचे, त्याला चुन्याची घाणी म्हणायचे. त्यात गूळ, हिरडा, बेलफळ घालायची रीत होती. भिंतीला लावायचा पांढरा चुना मात्र चांगल्या दगडाचा, बाजारातून आणलेला.

भिंतीवर लावला की चुना उलटा प्रवास करतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि परत दगड होतो. भट्टीत जे घालवलं ते भिंतीवर परत मिळवतो. पण याला दिवस लागतात आणि थोडी ओल लागते. मे महिन्यात ४४ अंशांत चुना लावला तर तो दगड व्हायच्या आधीच वाळतो आणि बोटाला भुकटी लागते. पावसात लावला तर धुऊन जातो. पाऊस उघडलाय, पण हवेत अजून ओल आहे, असे दिवस म्हणजे आश्विन. दसरा काढणं तिथं बसलं ते उगीच नव्हे. चुन्यात चिमूटभर मीठ घालायचे तेही ओल धरून ठेवायला. ज्वारीच्या पिठाची पातळ खळ घालायचे ती चिकटायला. आणि पांढरा रंग पिवळट दिसू नये म्हणून नीळ.

भिंतीतला निळसर थर या निळीचा. ही नीळ झाडाची नसणार. झाडाची नीळ एकेकाळी हिंदुस्थानातून जगभर जायची. १८९७ पासून जर्मनीच्या कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि तो धंदा बसला. चुन्यात घालायची पुडी बहुतेक अल्ट्रामरीनची, तीही कारखान्यातलीच, पण चुन्याचा तिखटपणा सोसणारी. सगळेच निळे रंग तो सोसत नाहीत, काही चुन्यात पडले की उडून जातात. आजीला यातलं नाव ठाऊक नव्हतं, पण कोणती पुडी ‘टिकते’ ते ठाऊक होतं.

गेरूचा पट्टा जोत्याच्या वर हातभर. पागोळ्यांचं पाणी अंगणात पडून चिखल भिंतीवर उडतो तो नेमका तेवढ्याच उंचीपर्यंत. लाल पट्ट्यावर तो दिसत नाही. शोभा आणि सोय एकाच कुंच्यात. कुंचासुद्धा विकतचा नव्हता, बांधावरच्या केकताडाचा वाख काढून बांधायचा.

मोसंबीवाल्यांनी इथं जरा थांबावं. खोडाला आपण बोर्डो पेस्ट लावतो, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. फ्रान्सच्या मेदॉक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींना चोरांनी हात लावू नये म्हणून मोरचूद-चुना फासायचे. त्या वेलींवर केवडा कमी आला हे मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या नजरेला आलं आणि १८८५ मध्ये त्यानं ते मिश्रण जगापुढं मांडलं. म्हणजे एका अर्थानं तीही बाहेरच्या भिंतीची रंगरंगोटीच. आणि बोर्डो करताना जी चूक आपण करतो तीच भिंतीला करतो, जुना, हवेत पडून मेलेला चुना वापरतो. तो आधीच अर्धा दगड झालेला असतो. पिशवी उघडी राहिलेला चुना झाडालाही कामाचा नाही आणि घरालाही.

स्वातंत्र्यानंतर भिंतीवर सरकार आलं. आपला जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात. नंतर हिवतापाची मोहीम आली, देशभर १९५३ पासून. डीडीटी फवारणारे घरात फवारायचे आणि दाराशेजारी तारीख लिहून जायचे. त्यांची एकच तक्रार असायची, बायका लगेच वरून सारवून टाकतात. त्यांचंही बरोबर होतं, सारवलं की औषध झाकलं जातं आणि डास मरत नाही. बायकांचंही बरोबर होतं, सण तोंडावर आला की भिंत तशीच कशी ठेवायची? मग कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आला. मग संकरित बियाण्यांच्या आणि खतांच्या जाहिराती. रस्त्याकडेचं घर असलं की भिंत फुकटात रंगवून मिळायची, त्यावर कंपनीचं नाव. आमचं घर आतल्या बोळात, त्यामुळं ते भाग्य नाही.

डब्यातला रंग आमच्या घरात पहिल्यांदा आला तो भिंतीसाठी नाहीच. पोळ्याला बैलांच्या शिंगांसाठी आला, चपट्या छोट्या डबीत. उरलेला दाराला लावला. पुष्कळ घरांत तसंच झालं असणार. मुंबईत १९४२ साली, लढाईच्या दिवसांत, चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी तिच्यासाठी हातात कुंचा घेतलेला गट्टू काढला, आणि रंगाच्या दुकानाच्या पाटीवर तो खेड्यापर्यंत पोचला. सिमेंटही तसं जवळ आलेलं होतं. निजामाच्या राज्यातच शहाबादला कारखाना होता आणि परभणीवरून रेल्वे १९०० च्या आसपासच सुरू झालेली. पण गावातल्या साध्या घराला सिमेंट लागलं ते खूप नंतर. आधी आला सिमेंटचा रंग, भुकटी, पाण्यात कालवायची आणि लावून दोन दिवस पाणी मारायचं. आमच्या भिंतीचा गुलाबी थर तोच. ‘स्नोसेम दिलं’ म्हणजे घर सुधारलं असा तो काळ. चुना हाताला लागतो, कपड्याला लागतो, पाहुणा टेकला की पाठ पांढरी. हा नवा रंग लागत नव्हता. मायला त्याचाच आनंद जास्त होता, आणि तो खोटा नव्हता.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमाराला आमच्याही भांड्यांचा आवाज झाला. दिवस उजाडल्यावर किल्लारी-सास्तूरच्या बातम्या यायला लागल्या. हजारो माणसं गेली. झोपेत गेली, आपल्याच भिंतीखाली आणि आपल्याच माळवदाखाली. नंतर तज्ज्ञांनी जे सांगितलं ते गवंड्यांनी नीट ऐकलं पाहिजे. त्या भिंती जाड होत्या, पण दोन पदरी. बाहेरचा पदर आणि आतला पदर यांना बांधणारा आरपार दगड नव्हता, मध्ये भरड आणि चिखल. वर माळवदाचं मण-मण ओझं. बाहेरून बघणाऱ्याला भिंत भक्कम दिसत होती.

त्यानंतर आमच्याकडंही महिनाभर लोक अंगणात झोपले. कितीतरी घरांची माळवदं उतरवली, पत्रे चढले. आणि माती या शब्दालाच भीती चिकटली. मातीचं घर म्हणजे मरणाचं घर. ओझं कमी केलं ते चांगलंच केलं, त्यात दुमत नाही. पण त्या भीतीत आम्ही एक गफलत केली. दोष भिंतीच्या बांधणीत आणि वरच्या ओझ्यात होता, आणि उपाय आम्ही वरून सिमेंट थापून केला.

आमच्या घरी ते असं झालं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. पाहुणे येणार, घर नीट दिसायला पाहिजे. गोठ्याच्या बाजूची उत्तरेची भिंत आणि पश्चिमेची भिंत, दोन्हींना सिमेंटचा गिलावा आणि वर बाहेरचा प्लास्टिक रंग असं ठरवलं. ठेकेदारानं मातीवर तारेची जाळी ठोकली आणि गिलावा केला. उत्तरेची भिंत अशी झाली की गावातले लोक बघायला आले. मग पैसे संपले. पश्चिमेच्या भिंतीला गिलाव्याविना नुसता रंगाचा एक हात मारला आणि लग्न उरकलं.

तिसऱ्या पावसाळ्यात, श्रावणात, आठ दिवस झड होती. रात्री मोठा आवाज झाला. उत्तरेची भिंत गोठ्यात पडली होती. पाडीच्या अंगावर पडली. सहा महिन्यांची पाडी, सकाळपर्यंत गेली. सिमेंटचा पापुद्रा जसाच्या तसा, रंगासकट, चादरीसारखा एका बाजूला पडला होता. आणि आतली माती? हातात घेतली तर लोणी. वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली भिंत तीन वर्षांत चिखल झाली होती.

कारण कळायला मला वेळ लागला. मातीची भिंत जमिनीतून थोडं पाणी ओढतेच. वरून पावसाचं थोडं जातंच. पूर्वी ते चुन्यातून आणि सारवणातून परत बाहेर यायचं, ऊन पडलं की भिंत वाळायची. सिमेंट आणि प्लास्टिकनं बाहेरचं दार बंद केलं. पण सिमेंट आणि मातीचं आकुंचन-प्रसरण सारखं नाही, त्यामुळं केसासारख्या चिरा पडतातच, आणि चिरेतून पाणी आत जातं. आत जायला वाट, बाहेर यायला नाही. पाणी साठतं, भिंत खालून मऊ होते, पोट काढते. पण पोट काढलेलं दिसत नाही, कारण वरचा कडक पापुद्रा सरळ असतो. चुन्याची भिंत आजारी पडली तर आधी डाग दाखवते, पोपडे काढते, म्हणजे ओरडते. आमची ओरडली नाही. पाडी बांधायची जागा मीच निवडली होती, भिंतीच्या आडोशाला.

ठेकेदाराला मी दोष देत नाही. त्यानं मागितलं ते दिलं. पश्चिमेची भिंत मात्र, जिला पैसे पुरले नाहीत, ती उभी आहे. तीच आता खरवडतोय.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांनी परत चुन्याकडं जा असं म्हणायचंय का? नाही. विटा-सिमेंटचं घर असेल तर त्याला सिमेंटचा गिलावा आणि बाहेरचा रंग बरोबरच आहे. फक्त नव्या गिलाव्याला महिनाभर तरी वाळू द्या. आपण गृहप्रवेशाच्या घाईत ओल्यावर रंग मारतो आणि मग लोणा फुटला म्हणून रंगाच्या दुकानदाराशी भांडतो. बोअरचं खारं पाणी बांधकामाला वापरलं असेल तर तो फुटणारच. घरकुलवाल्यांचं दुखणं वेगळं. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत आपल्यासारख्या सपाट भागाला १ लाख २० हजार रुपये ठरले. त्यात भिंत उभी राहते, स्लॅब किंवा पत्रा पडतो, आणि बाहेरचा गिलावा राहून जातो. गावोगाव उघड्या विटांची घरं दिसतात ती त्यामुळं. त्या उघड्या विटेला निदान चुन्याचे तीन हात दिले तरी पाऊस थोडा अडतो आणि उन्हाळ्यात पांढऱ्या भिंतीवरून ऊन परततं. हा स्वस्तातला मधला मार्ग आहे, पण तो सांगायला गेलं की लोकांना गरिबी दाखवल्यासारखं वाटतं.

आणि जुनं सगळं परत आणताही येत नाही, याचं कारण पुन्हा शेतातच आहे. हे माझं निरीक्षण आहे, चूक असेल तर सांगा. मूग-उडीद निघाल्यावर आणि मोठी कामं सुरू व्हायच्या आधी आश्विनात घराला हात लावायला जरा उसंत मिळायची. नव्वदनंतर सोयाबीन आलं आणि त्याची काढणी बरोबर दसऱ्यावर येऊन बसली. बायका कुंचा घेणार की विळा? गव्हाला हार्वेस्टर आलं, भुसकट शेतातच राहिलं. बैल गेले, ट्रॅक्टर आले, गोठ्यात एक म्हैस, शेण आहे ते शेतालाच पुरत नाही. गढ्या खोदून संपल्या, उरलेल्यांवर घरं झाली. म्हणजे भिंतीचं कातडं ज्या ज्या गोष्टीचं बनायचं ती एकेक शेतातूनच गेली. २०२१ च्या जानेवारीत खादी ग्रामोद्योग आयोगानं शेणापासूनचा ‘खादी प्राकृतिक पेंट’ आणला. आजी असती तर म्हणाली असती, आता शेणही बादलीत विकत घ्यायचं का!

तर पश्चिमेच्या भिंतीचं काम. प्लास्टिकचा आणि गुलाबी थर पत्र्यानं आणि तारेच्या ब्रशनं काढला, चार दिवस गेले. जिथं चुना घट्ट होता तिथं त्याला हात लावला नाही. जोत्याच्या वर ओल दिसली, तिथली माती काढून आठ दिवस उघडी ठेवली. अंगणाचा उतार भिंतीकडं झाला होता, फरशी घालताना आम्हीच केला होता, तो उलटा करून घेतला. ओलीचं खरं मूळ तेच निघालं. भेगा पांढऱ्या मातीनं आणि भुसकटानं भरल्या. भुसकट शेजारच्या गावातून मागून आणलं.

कळीचा चुना दहा किलो आणला आणि ड्रममध्ये विरवलाय. आधी ड्रममध्ये पाणी घ्या, मग त्यात थोडा थोडा चुना सोडा, चुन्यावर वरून पाणी ओतू नका, उसळून अंगावर येतं. डोळ्याला चष्मा लावा आणि पोरांना लांब ठेवा. चुन्यानं डोळे गेलेली माणसं आहेत. आज विरवून नववा दिवस आहे, वरती साईसारखा थर आलाय. पातळ गाळून, भिंत ओली करून, तीन हात द्यायचे, दोन हातांत एक दिवस सोडून. पहिला हात दिल्यावर काहीच दिसत नाही, भिंत ओलीच वाटते. घाबरून घट्ट चुना फासू नका, वाळल्यावर तो पांढरा होतो.

मायला विचारलं नीळ किती टाकू. ती म्हणाली, पाण्यात बोट बुडवून नखावर बघ, नख निळं दिसलं तर जास्त झाली.

केकताड आमच्या बांधावर राहिलं नाही. ओढ्याच्या पलीकडं दोन बुंधे आहेत, उद्या वेचणीवरून येताना वाख आणणार आहे.